जुन्नरच्या बाजारातला एकटा परदेशी

नगरहून कल्याणच्या रस्त्याने निघालात, की टाकळी ढोकेश्वर मागे पडते, आणे घाट उतरावा लागतो आणि मग आळेफाटा येतो. तिथून जुन्नर काही लांब नाही. आपल्या पारनेर आणि अकोले तालुक्यांचा तो शेजारीच. आपले कितीतरी शेतकरी कांदा-टोमॅटो घेऊन त्या बाजूला जातात, सोयरिकी होतात, जत्रांना येणे-जाणे असते. तेव्हा जुन्नर आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

पण आज मला ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, त्याला हे जुन्नर परके होते. आणि असे तसे नव्हे, हजारो कोसांवरचे परके. सव्वापाचशे वर्षांपेक्षाही अधिक काळ लोटला. शिवरायांच्या जन्माला अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. आपले नगर शहर तर वसलेलेच नव्हते. अशा वेळी, १४७० च्या आसपास, एका पावसाळ्याच्या तोंडावर, एक गोरा दाढीवाला माणूस एका घोड्याचा लगाम धरून जुन्नरात शिरला. त्याच्या ओळखीचे इथे कोणी नव्हते. त्याच्या भाषेचा एक शब्द समजणारे माणूस साऱ्या मुलखात नव्हते. त्याचे नाव अफानासी निकितीन. राहणार रशियातल्या त्वेर गावचा, व्होल्गा नदीच्या काठचा. धंदा व्यापार.

हा मनुष्य काही राजाचा वकील नव्हता, की कोणी मोठा पंडितही नव्हता. साधा सौदागर. पण त्याने एक मोठे काम केले. जे पाहिले ते वहीत लिहून ठेवले. ती वही आज ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने जगभर वाचली जाते. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली. त्याच्या सुमारे पाव शतक आधी आपल्या मुलखाचे, आपल्या पावसाचे, आपल्या खिचडीचे वर्णन एका रशियन माणसाने करून ठेवले होते.

आता हा गृहस्थ इतक्या लांब आला कसा, ते आधी पाहू.

निकितीन घरून निघाला तो हिंदुस्थानला येण्यासाठी नव्हे. शिरवान म्हणून कास्पियन समुद्राच्या पश्चिमेला एक राज्य होते. तिथला वकील मॉस्कोहून परत चालला होता. त्याच्या सोबतीने व्होल्गातून खाली उतरावे, कास्पियनच्या काठच्या बाजारात माल विकावा आणि नफा गाठीला बांधून घरी यावे, असा सरळ बेत होता. पण आस्त्राखानजवळ तार्तर लोकांनी त्यांच्या नावा लुटल्या. माल गेला, आणि मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकेही गेली. पुस्तकांची ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

लुटले गेलेले व्यापारी मग पांगले. ज्यांच्या घरी काही शिल्लक होते ते घरी परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन स्वतःच हे लिहितो. तो या दुसऱ्या मंडळींपैकीच असावा. कर्ज काढून माल घेतलेला आणि माल वाटेत बुडालेला, अशा माणसाला गावाकडे तोंड दाखवणे किती जड जाते, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला सांगायला नको. तो देर्बेंतला गेला, तिथून बाकूला गेला, मग समुद्र ओलांडून इराणात उतरला. गावोगाव करीत, कुठे महिना तर कुठे दोन महिने काढीत, शेवटी होर्मुझ बंदराला पोचला. तिथे कोणीतरी त्याच्या कानात सांगितले, की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, तिथे घोड्याला सोन्यासारखी किंमत येते. झाले! त्याने एक घोडा घेतला. त्या घोड्यापायी आपले शंभर रूबल खर्ची पडले, असे तो नोंदवतो. जवळची सारी पुंजी त्या एका जनावरावर लावून हा माणूस गलबतात चढला.

गलबत मस्कतवरून, गुजरातच्या किनाऱ्याने, खंबायतवरून चौलला लागले. चौल म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले अलिबागजवळचे जुने बंदर. तिथे उतरल्यावर पहिली गोष्ट काय झाली असेल? लोक त्याच्या मागे लागले! आपण जाऊ तिथे माणसांचा घोळका मागून येतो आणि गोऱ्या माणसाचे नवल करतो, असे त्याने लिहिले आहे. आता गंमत पाहा. तो इथले लोक पाहायला आला होता, आणि इथले लोक त्यालाच पाहायला जमले. परक्या गावात एकटा फिरणाऱ्या माणसाचा हा पहिलाच अनुभव असतो. आपल्याला वाटते आपण शहर पाहतो आहोत, आणि खरे तर शहर आपल्याला पाहत असते.

तोही पाहत होताच. लोक उघड्या अंगाने वावरतात, कमरेला एक वस्त्र आणि खांद्यावर दुसरे. केसांची एक वेणी. सरदारांचे सेवक अनवाणी, पण हातात ढाल-तलवार, कोणाकडे भाला, कोणाकडे धनुष्यबाण. लहान मुले सहा-सात वर्षांची होईपर्यंत नागडीच हिंडतात. थंड मुलखातून आलेल्या, अंगावर कातड्याचे कपडे वागवणाऱ्या माणसाला याचे नवल वाटणारच.

चौलहून पाली, पालीहून उमरी आणि उमरीहून जुन्नर, अशी त्याची वाट. घोडा बरोबर, आणि समोर सह्याद्री. तीन आठवड्यांवर मजल पडली, आणि जुन्नरला पोचतो न पोचतो तोच पाऊस सुरू झाला. तो लिहितो, की इथला हिवाळा आता लागला! त्याच्या देशात वाटा बंद करणारा, माणसाला घरात कोंडणारा ऋतू म्हणजे हिवाळा. तेव्हा आपल्या पावसाळ्याला त्याने तेच नाव दिले. चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असे त्याचे म्हणणे. जुन्नरचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, ते याला खोटे म्हणणार नाहीत.

पण याच ठिकाणी त्याची नजर दिसते. हिवाळा म्हणून तो थांबला नाही. त्याने पाहिले, की या चिखलाच्या दिवसांतच इथले लोक नांगरतात आणि पेरतात. गहू, भात, हरभरा आणि खाण्याचे इतर सारे. त्याच्याकडे हिवाळ्यात जमीन बर्फाखाली झोपलेली असते. इथे मात्र या ‘हिवाळ्यातच’ जमीन जागी होते. शब्द चुकला तरी निरीक्षण खरे होते. शिक्षक बंधूंनी वर्गात सांगावे अशी ही गोष्ट आहे: एखादा प्रवासी नाव चुकीचे देतो म्हणून त्याचे सारेच खोटे धरू नये.

तो पुढे सांगतो, की इथे घोड्यांना हरभरा चारतात, आणि साखर व तूप घालून शिजवलेली खिचडीही देतात. ‘खिचडी’ हा आपला शब्दच त्याने रशियन अक्षरांत लिहून ठेवला आहे. ओझी वाहायला इथे बैल आणि रेडे. परदेशी व्यापारी धर्मशाळेसारख्या उताऱ्याच्या जागी उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून वाढतात. गावावरचा किल्ला म्हणजे नुसत्या खडकावर बसलेला. तो कोणा माणसाने घडवलेला नाही, देवानेच केलेला आहे. आणि वर जायची वाट अशी अरुंद, की दोन माणसे जोडीने जाऊ शकत नाहीत. हे वर्णन शिवनेरीला जुळते. जो शिवनेरी पुढे १६३० साली महाराष्ट्राचे तीर्थ झाला, त्याच्या पायथ्याशी हा परका माणूस पावसात भिजत बसला होता.

आता या जुन्नरात त्या वेळी राज्य कोणाचे होते, हे सांगायला हवे; त्यावाचून पुढचा प्रसंग कळणार नाही.

दक्षिणेत तेव्हा बहामनी सुलतानांची सत्ता होती आणि राजधानी बीदर. तिसरा महंमदशहा हा तरुण सुलतान गादीवर होता. पण कारभार चाले तो महमूद गावान या वजिराच्या हाताने. हा गावान मूळचा इराणातल्या गिलान प्रांताचा. तोही व्यापाराच्या निमित्ताने दाभोळ बंदरात उतरला आणि गुणांच्या बळावर वजीर झाला. त्याची पदवी होती मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. जुन्नर त्याच्याच अंमलाखाली होते आणि तिथे त्याच्या वतीने असदखान म्हणून सरदार बसत असे. निकितीनने या खानाला माणसांच्या खांद्यावरून मिरवताना पाहिले.

त्या काळच्या दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे रुजलेले. आणि दुसरे आफाकी, म्हणजे इराण, अरबस्तान, तुर्कस्तान या मुलखांतून नव्याने आलेले. या नव्या मंडळींना आणखी एक नाव होते. ते नाव म्हणजे ‘गरीब’.

श्रोते हो, ‘गरीब’ हा शब्द आपण रोज वापरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही तो गरीब. मारकी नाही ती गाय गरीब. पण मूळ अरबी भाषेत गरीब म्हणजे परका, आपले घर सोडून आलेला. पुढे अर्थ सरकत सरकत आला. का सरकला असेल? ज्याच्या मागे गोत नाही, ज्याला जामीन राहणारे कोणी नाही, त्याच्या थैलीत सोने असले तरी तो दुबळाच. अर्थ बदलला, पण फार काही बदलला असे मला वाटत नाही.

आणि हे दुबळेपण नुसते बोलण्यापुरते नव्हते. निकितीन येण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी, १४४७ च्या सुमारास, जुन्नरहून जवळच असलेल्या चाकणच्या किल्ल्यात या ‘गरीब’ फौजेतल्या पुष्कळ माणसांना दख्खनी सरदारांनी दग्याने कापून काढले होते. परक्याचे रक्त कसे सांडते, हे त्या मुलखाला ठाऊक होते. निकितीन तर या परक्यांतलाही परका. तो खुरासानी नव्हता, मुसलमान नव्हता, कोणत्याच तटाचा नव्हता. खुरासानी कपडे करून, ‘खोजा युसूफ खुरासानी’ असे नाव घेऊन तो हिंडत होता.

जुन्नरात त्याचे हे सोंग उघडे पडले. खानाला कळले, की हा मनुष्य खुरासानचा नाही, रूसचा आहे, आणि ख्रिस्ती आहे. खानाने घोडा काढून घेतला. आणि निरोप दिला, की आमच्या धर्मात ये, म्हणजे घोडाही मिळेल आणि वर हजार सोन्याची नाणी मिळतील. नाहीस आलास, तर घोडा तर गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून दंड म्हणून वसूल होतील. मुदत चार दिवसांची.

जरा विचार करा. कर्जाने पिडलेला मनुष्य. शंभर रूबल पडलेला तो एकच घोडा. त्याच्यावरच परत जाण्याची सारी आशा. आणि समोर हजार मोहरांचे आमिष. एक शब्द उच्चारला की दारिद्र्य संपले! त्याला पाहायला त्याच्या गावचा एकही माणूस तिथे नव्हता. त्वेरमध्ये कोणाला कधी कळलेही नसते. माणसाची परीक्षा होते ती अशाच ठिकाणी, जिथे त्याला ओळखणारे कोणी नसते.

निकितीन कबूल झाला नाही. त्याने वाट पाहिली. आणि मुदत संपण्याच्या सुमारास जुन्नरात एक गृहस्थ आला, खोजा महंमद खुरासानी. निकितीनने त्याचे पाय धरले आणि माझ्यासाठी रदबदली करा म्हणून विनवले. तो खोजा घोड्यावर बसला, खानाकडे गेला, बोलणे केले, आणि धर्माची सक्ती मागे घ्यायला लावून घोडाही सोडवून आणला. निकितीनने हा आपल्या देवाचा चमत्कार मानला. मानू द्या. आपण एवढेच पाहू, की घोडा हिरावणारा खान मुसलमान होता आणि घोडा सोडवून आणणाराही मुसलमान होता. आणि हा सोडवणारा स्वतः खुरासानचा, म्हणजे स्वतःच एक ‘गरीब’ होता. परक्याचे दुःख परक्यालाच आधी कळले. इतिहास सांगताना आपण एका माणसाचे पाप साऱ्या जमातीच्या खाती मांडतो, तेव्हा या खोजाची आठवण ठेवावी.

ऑगस्ट महिन्यात निकितीन जुन्नर सोडून बीदरच्या वाटेला लागला. त्या वेळी त्याचे मन फार कडू झाले होते. हिंदुस्थानात आपल्या देशाजोगा पुष्कळ माल मिळतो, असे ज्यांनी सांगितले त्यांनी आपल्याला फसवले, असे तो चिडून लिहितो. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकाती जबर आणि समुद्रावर चाचे. धर्म घरी ठेवून यायचे असेल तरच इकडे या, असा टोमणाही तो आपल्या देशबांधवांना मारतो.

बीदर हे त्याने पाहिलेले सर्वांत मोठे शहर. तिथल्या वैभवाचे वर्णन करताना त्याची लेखणी थकत नाही. चांदीच्या पालख्या, सोन्याच्या साजाचे घोडे, शिकारीला निघालेला सुलतान, चिलखत घातलेले हत्ती. पण हे लिहिता लिहिता तो एक वाक्य असे टाकतो, की ते वाचून आपण थबकतो. मुलूख माणसांनी भरलेला आहे, पण खेड्यातली माणसे फार दरिद्री आहेत आणि सरदार मात्र चैनीत आहेत, असा त्याचा आशय. दरबारच्या बखरकारांना हे दिसले नाही, की दिसून लिहिता आले नाही, कोण जाणे. परक्या सौदागराला ते रस्त्याने चालता चालता दिसले. पायी चालणाऱ्याला गावे लागतात. पालखीत बसणाऱ्याला फक्त मुक्काम लागतात.

सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे. प्रत्येक दरवाजात शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. कोण आत गेला आणि कोण बाहेर आला, सारे लिहून घ्यायचे. आणि ‘गरिबांना’ आत सोडत नाहीत, असे तो नोंदवतो. हा ‘गरीब’ शब्द त्याच्या रशियन वहीत असाच आहे. राज्याचा वजीर स्वतः गरीब, पण रस्त्यावरच्या गरिबाला मात्र दरवाजा बंद! निकितीन बाहेर उभा राहिला आणि बाहेरून दिसले तेवढे, कोरीव आणि सोनेरी दगड, पाहून परत फिरला.

दरबाराचा दरवाजा उघडला नाही. पण दुसरा एक दरवाजा मात्र उघडला. बीदरला नाताळाच्या सुमारास त्याने तो घोडा अखेर विकला. वर्षभर त्याला चारण्यातच बराच पैसा गेला होता. आता हिंडायला तो मोकळा झाला. बऱ्याच हिंदू लोकांशी त्याची ओळख झाली होती. एके दिवशी त्याने त्यांना खरे सांगून टाकले, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. माझे नाव युसूफ नव्हे, अफानासी.

आणि मग काय झाले? तो लिहितो, की त्यानंतर या लोकांनी माझ्यापासून काही लपवले नाही. जेवण लपवले नाही, व्यापार लपवला नाही, पूजा लपवली नाही, घरातली माणसेही लपवली नाहीत. श्रोते हो, त्याच्या साऱ्या प्रवासाचे मर्म मला इथे दिसते. खोट्या नावाने त्याला शहर दिसले ते रस्ते आणि भिंती एवढेच. खऱ्या नावाने त्याला घरे दिसली.

घरात शिरल्यावर त्याने काय काय टिपले पाहा. उजव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने अन्नाला शिवत नाहीत. सुरी नाही, चमचा नाही. जेवणाआधी हातपाय धुतात, चूळ भरतात. एका जातीचे दुसऱ्या जातीशी खाणे-पिणे नाही, की लग्न नाही. प्रवासात ज्याचे त्याचे भांडे वेगळे, ज्याने त्याने आपले शिजवायचे. परक्याची नजर पडली तर ते अन्न खायचे नाही. म्हणून काहीजण डोक्यावरून फडके घेऊन जेवतात. यातले किती चांगले आणि किती वाईट, याचा निवाडा तो करीत नाही. पण आपल्या समाजाची वेगवेगळी चूल आणि वेगवेगळे मडके परक्या माणसाच्या डोळ्यांना पहिल्या दिवशी दिसले, आणि ते आपल्याला खुपायला पुढे कितीतरी शतके लागली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

याच मंडळींबरोबर तो शिवरात्रीच्या यात्रेला गेला. आंध्रातले श्रीशैल, ज्याला तो ‘पर्वत’ म्हणतो. काळ्या दगडाचा मोठा नंदी, त्याच्यावर वाहिलेली फुले, लाखो माणसांची दाटी, डोईपट्टी, सारे त्याने लिहिले आहे. गुलबर्ग्याकडच्या आळंदचा उरूस आणि तिथला घोड्यांचा दहा दिवसांचा बाजारही त्याने नोंदवला आहे.

त्याच्या वहीत भाकडकथाही आहेत, हे सांगितले पाहिजे. एक पक्षी ज्या घरावर बसतो त्या घरी माणूस मरतो, वानरांचा एक राजा असतो आणि त्याची फौज असते, अशा गोष्टी त्याने ऐकल्या तशा लिहिल्या. वानरराजाच्या गोष्टीत आपल्याला रामायणाचा सूर ऐकू येतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करणे, हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला पाठ. शिक्षकांनी दोन रकाने आखून मुलांकडून हे करून घ्यावे; मुले रमतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता त्या लुटलेल्या पुस्तकांची गोष्ट. पुस्तके गेली, म्हणजे निकितीनचे पंचांगच गेले. आज वार कोणता, उपवास कधी लागला, ईस्टरचा सण केव्हा, हे त्याला कळेना. बरोबर बोलायला एकही स्वधर्मी नाही. आपल्या एखाद्या वारकऱ्याला परमुलखात एकादशी कोणती तेच समजेनासे झाले, तर त्याच्या जिवाची जी तगमग होईल, ती याची झाली. तो आकाशाकडे पाहू लागला. पहाटे कृत्तिका कुठे आल्या, सप्तर्षींचे तोंड कोणीकडे आहे, यावरून सण अंदाजाने धरू लागला. आजूबाजूचे लोक रोजे धरीत तेव्हा तोही उपवास करी. आपण आपले उरलो आहोत की नाही, हा प्रश्न त्याला रात्रंदिवस खात होता, आणि त्याने तो वहीत लपवला नाही.

एक गोष्ट मात्र त्याने लपवली. आपल्या मायभूमीची आठवण काढताना तो एकदम तुर्की भाषेत लिहू लागतो. देव माझ्या देशाचे रक्षण करो, त्याच्यासारखा देश नाही, जरी तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, असा त्याचा भाव. मनातले सर्वांत खोल बोलणे त्याने परक्या भाषेच्या आडोशाला ठेवले. घरच्या अधिकाऱ्यांचे भय त्याला इतक्या लांबही सुटले नव्हते.

अखेर घरची ओढ अनावर झाली. दाभोळला तो गलबतावर चढला. वारा फिरला आणि गलबत हबशांच्या देशाच्या किनाऱ्याला लागले. तिथून मस्कत, होर्मुझ, तब्रीझ, काळा समुद्र. कास्पियन, अरबी आणि काळा, असे तीन समुद्र ओलांडून तो मायदेशाच्या वाटेला लागला. पण त्वेर काही त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्क शहराला पोचण्याआधीच वाटेत त्याला मरण आले. बरोबरच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या हातच्या वह्या मॉस्कोला आणून सरकारी चिटणिसाकडे दिल्या, आणि १४७५ साली त्यांची नोंद तिथल्या बखरीत झाली. नफा झाला नाही, कर्ज फिटले की नाही देव जाणे. पण वही पोचली. त्वेरला व्होल्गाकाठी १९५५ साली त्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन मंडळींच्या साहाय्याने त्याच्यावर ‘परदेशी’ नावाचा चित्रपट काढला. आणि चौलच्या शेजारी रेवदंड्याला २००२ साली त्याच्या आठवणीचा स्तंभ बसवला गेला.

इकडे दख्खनमध्ये काय झाले? ज्या महमूद गावानच्या राज्यात हे सारे घडले, त्या गावानलाच बनावट पत्राच्या आधाराने १४८१ साली ठार मारण्यात आले. दख्खनी आणि गरीब या भांडणाचा तो बळी. त्या कटात पुढे होता निजाम-उल्-मुल्क हसन बहिरी. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरचा अधिकारी झाला, आणि त्यानेच १४९० च्या मे महिन्यात भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव करून पुढे तिथे अहमदनगर वसवले. तेच आजचे अहिल्यानगर. म्हणजे आपले शहर जुन्नरच्याच पोटातून जन्मले.

आणि मौज पाहा. ज्यांना गरीब म्हणून हिणवले, त्यांच्यावाचून या नव्या शहराचेही चालले नाही. शाह ताहीर हा विद्वान इराणातून आला. विजापूरला आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ साली आपल्या नगरला ओतली, आणि ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्कस्तानचा. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी कास्पियनकाठाहून आला आणि नगरच्या दरबारात वाढला. आणि शेवटी निजामशाही तोलून धरली ती कोणी? हबशांच्या देशात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने. गावात आलेला परका उद्या गावाचा खांब होईल की नाही, हे आज कोणाला सांगता येत नाही.

श्रोते हो, आता दूरच्या गोष्टी पुरेत. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीची माणसे येतात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. काही आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेची, काही बीडकडची. बाजारात, बांधकामावर, हॉटेलात तर आता बिहार-उत्तर प्रदेशची पोरेही दिसतात. त्यांच्यात एखादा निकितीन असेल असे मी म्हणत नाही. पण आपला गाव त्यांना कसा दिसतो, हे त्यांना विचारावे असे मात्र मला वाटते.

विशेषतः शिक्षकांना सांगायचे आहे. कोपीवरचे एखादे पोर चार महिन्यांसाठी शाळेत येते आणि शेवटच्या ओळीत बसते. पट्टीवर पाटी आपटून त्याला ‘ए ऊसतोड्या’ म्हणणारी मुले वर्गात असतातच. त्याला पुढे बोलवा. त्याचे नाव विचारा, पुरे नाव. त्याच्या गावची नदी कोणती, जत्रा कोणती, वाटेत काय काय दिसले, ते फळ्याशी उभे करून सांगायला लावा. बाकीच्या मुलांना वहीत लिहून घेऊ द्या. भूगोलाचा तास वाया गेला असे वाटणार नाही.

आणि कधी मुलांची सहल शिवनेरीला नेलीत, तर पावसाळ्याच्या अखेरीस न्या. सात दरवाजे चढून शिवजन्माच्या जागी माथा टेकवून झाला, की खाली जुन्नरच्या बाजाराकडे बोट दाखवा आणि त्या घोडेवाल्याची गोष्ट सांगा. आणि सांगाल तेव्हा खोजा महंमदाला विसरू नका.